क्लबची चावी कोणाकोणाकडे आहे?

आलेला प्रश्न थोडक्यात असा: इंदूरच्या पश्चिम भागात, सुदामा नगरच्या बाजूला, सुमारे ४० वर्षं जुना क्रिकेट क्लब आहे. तो सुरू करणारे काका आता ७४ वर्षांचे आहेत. साठेक मुलं सरावाला येतात. मैदान एका शाळेचं. फी जमते, तरी महिनाअखेर ओढाताण असतेच. काकांच्या हाताखाली खेळून मोठा झालेला आणि आता नोकरीत असलेला एक तरुण विचारतो आहे, की पुढची १०-१५ वर्षं क्लब चालावा म्हणून आराखडा कसा करायचा आणि प्रायोजक कुठून आणायचे.

प्रायोजकांकडे नंतर येतो. आधी मला सांगा, सामानाच्या खोलीची चावी कोणाकडे असते? काकांकडेच ना? फी कोणाच्या मोबाइलवर येते, कोणत्या मुलाला ती माफ आहे, मुख्याध्यापकांशी मैदानाबद्दल काय बोलणं झालेलं आहे, रोलरचं बेअरिंग शेवटचं कधी बदललं, हेही त्यांनाच ठाऊक असणार. खरी अडचण तुम्ही अडचण म्हणून लिहिलीच नाहीत. काकांचं वय ७४ आहे आणि क्लब त्यांच्या डोक्यात आहे. ओढाताण वगैरे त्याच्या पुढची गोष्ट.

मी बँकेत नोकरी केली आणि संध्याकाळी, रविवारी क्लबचं काम केलं. निवृत्तीनंतर इंदूर, देवास, महू, उज्जैनकडच्या लहान क्लबांबरोबर बसून त्यांचे हिशेब आणि नियमावल्या नीट लावून देतो. हे करावंसं वाटलं त्याला कारण आहे. माझा स्वतःचा क्लब माझ्या डोळ्यांदेखत बंद पडला.

आमचे सर एका डिसेंबरात अचानक गेले. तेरावं झाल्यावर आम्ही चौघांनी सामानाच्या खोलीतलं लोखंडी कपाट उघडलं. आत एका विमा कंपनीची निळ्या पुठ्ठ्याची डायरी होती. दर पानावर मुलांची नावं, पुढे पेन्सिलीनं महिन्यांच्या खुणा, आणि काही नावांपुढे नुसतं एक बारीक वर्तुळ. वर्तुळ म्हणजे फी बाकी, असं आम्ही धरलं. त्यातल्या दोन मुलांच्या घरी निरोपही पाठवला, की इतके महिने थकलेत, भरून टाका. पुढे सरांचं पेन्शनचं पासबुक त्यांच्या मुलानं दाखवलं तेव्हा उलगडा झाला. त्या अकरा मुलांची फी सर दर महिन्याला स्वतःच्या पेन्शनमधून क्लबच्या खात्यात भरत होते. निरोप गेलेल्या दोघांपैकी एक डावखुरा फिरकी गोलंदाज होता, बारा वर्षांचा. तो परत आला नाही. मी त्याच्या घरी गेलो, माफी मागितली. त्याची आई अदबीनं बोलली, चहाही दिला, पण मुलगा आतल्या खोलीतून बाहेर आला नाही.

बाकीचंही एकामागून एक निघत गेलं. बँकेचं खातं दोघांच्या सहीचं, त्यातले दुसरे गृहस्थ आधीच वारलेले. संस्थेची वार्षिक माहिती कित्येक वर्षं दाखल केलेली नव्हती. मैदानाचा शब्द जुन्या मुख्याध्यापकांनी तोंडी दिलेला, आणि ते बदलून गेलेले. नव्या व्यवस्थापनानं पुढच्या पावसाळ्याआधीच मैदान दुसऱ्याला दिलं. त्यांनी आमच्यावर अन्याय केला असं मी म्हणणार नाही. त्यांनी कागद मागितला आणि आमच्याकडे तो नव्हता, एवढंच.

आपल्या शहराला ही गोष्ट अनोळखी नाही, आणि ती फार मोठ्या प्रमाणावर घडून गेलेली आहे. इंदूरच्या होळकर संस्थानच्या संघानं १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ मोसमांत रणजी करंडकाचे १० अंतिम सामने खेळले आणि ४ जिंकले. सी. के. नायडू, मुश्ताक अली, चंदू सरवटे, हिरालाल गायकवाड ही घराघरात सांगितली जाणारी नावं. यशवंतराव होळकरांनी खेळाडूंना संस्थानच्या नोकरीत, फौजेत सामावून घेतलं. नायडू 'कर्नल' होते ते होळकरांच्या फौजेतले. पण सगळा डोलारा त्या एका आश्रयावर होता. संस्थान विलीन झालं, १९५४-५५ चा अंतिम सामना इथेच इंदूरला झाला, तो मद्रासनं जिंकला, आणि होळकर संघ संपला. त्यानंतर मध्य प्रदेशाच्या संघानं रणजी करंडक उचलला तो थेट जून २०२२ मध्ये, बंगळूरला मुंबईला हरवून. मधली इतकी वर्षं इथे गुणी खेळाडूंचा तोटा होता असं कोणी म्हणू नये. गोरखपूरहून कोवळ्या वयात क्रिकेटसाठी इंदूरला आलेला नरेंद्र हिरवाणी इथल्याच क्लब क्रिकेटमध्ये घडला आणि जानेवारी १९८८ मध्ये मद्रासला पहिल्याच कसोटीत त्यानं वेस्ट इंडीजचे १६ बळी घेतले. राजाश्रय गेल्यावर इथलं क्रिकेट अशा लहानमोठ्या क्लबांनी जिवंत ठेवलं. तुमच्या काकांचा क्लब त्याच माळेतला आहे, म्हणून एवढं लिहितो आहे.

आता कामाचं. सुरुवात कागदांपासून करा. कंटाळवाणं आहे, पण आधी तेच. क्लब मध्य प्रदेश सोसायटी रजिस्ट्रीकरण अधिनियम, १९७३ खाली नोंदलेला आहे का पाहा. असेल तर दर वर्षी कार्यकारिणीची यादी आणि हिशेब द्यावे लागतात. आपल्याकडे सगळे त्याला 'धारा २७-२८ ची माहिती' म्हणतात. फर्म्स अँड सोसायटीजच्या कार्यालयात जाऊन तुमची शेवटची माहिती कोणत्या वर्षाची आहे ते विचारा. राहिली असेल तर भरून टाका. त्यात घाबरण्यासारखं काही नसतं, थोडी धावपळ होते आणि विलंबाचे पैसे भरावे लागतात. नोंदणीच नसेल तर यंदाच करा. मग पॅन, संस्थेच्या नावानं बँक खातं, आणि तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सहीनं व्यवहार. फीचा क्यूआर कोड त्या खात्याचा हवा. काकांच्या किंवा प्रशिक्षकांच्या स्वतःच्या मोबाइलवर फी घेणं आजच थांबवा. कोणाच्या प्रामाणिकपणावर शंका म्हणून हे म्हणत नाही. उद्या त्यांच्या घरच्यांना आयकराची नोटीस आली तर त्यांनी काय उत्तर द्यायचं?

मैदानाचा करार हा दुसरा कागद, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाचा. शाळेला तुमच्याकडून काय मिळतं ते त्यात लिहा, निव्वळ विनंतीअर्ज नको. सकाळी शाळा भरण्याआधी आणि संध्याकाळी सुटल्यावर मैदान तुमचं. बदल्यात दूब म्हणजे हरळी, पाणी, खेळपट्टी यांची निगा तुमची, शाळेच्या संघाला आठवड्यातून दोन दिवस विनामूल्य प्रशिक्षण, आणि शाळेतल्या काही मुलांना फी माफ. मुदत किमान ५ वर्षं, आणि मोडायचा झाला तर ६ महिन्यांची सूचना. लग्न, मेळे, गरबा यांना मैदान द्यायचा शाळेचा हक्क असतो, त्यावर भांडू नका. मधल्या खेळपट्ट्यांच्या पट्ट्याभोवती कुंपण राहील, तिथे मांडवाचा खांब रोवला जाणार नाही आणि गाडी फिरणार नाही, एवढं एक कलम मात्र घालूनच घ्या. एका रात्रीच्या मांडवासाठी मारलेले खुंट मी पुढे अख्खा मोसम खेळपट्टीत जाणवताना पाहिले आहेत.

खेळपट्टीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण क्लब पैशाअभावी बंद पडले असं सगळे म्हणतात, पण पैसा जातो कुठे हे मैदानावर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

आपली माळव्याची काळी माती खेळपट्टीला उत्तम. चिकणमातीचा अंश भरपूर, ओली झाली की फुगते, वाळली की आकसते, आणि योग्य ओलीवर रोलर फिरला तर दगडासारखी बसते. ओल चुकली तर तीच माती भेगाळते, वरचे पापुद्रे सुटतात आणि चेंडू एकदा नाकाशी, एकदा घोट्याशी येतो. २५ डिसेंबर १९९७ ला नेहरू स्टेडियमवर भारत-श्रीलंका सामना फक्त ३ षटकांनंतर थांबवावा लागला तो खेळपट्टी धोकादायक म्हणूनच. आंतरराष्ट्रीय सामन्याची ही गत, तर शाळेच्या मैदानावर हेल्मेटची जाळी सैल असलेल्या तेरा वर्षांच्या मुलाचं काय होईल, याचा विचार करा.

आमच्या क्लबात एक माळीबाबा होते. त्यांच्या हातात कधी मी कुठलं यंत्र पाहिलं नाही. पहाटे ते खेळपट्टीवर उकिडवे बसायचे, गुड लेंथच्या जागी, म्हणजे चांगल्या चेंडूचा टप्पा पडतो तिथे, खोलीची चावी मातीत दाबायचे. चावी बोटाच्या पेरापर्यंत सहज गेली तर रोलरला हात लावायचा नाही. जोर लावून अर्धी गेली की हलका रोलर. नुसतं टोक रुतलं की मोठा. मग चावीला लागलेली माती अंगठा आणि तर्जनीमध्ये वळून बघायचे. तिची बारीक वात वळली आणि मोडता मोडता राहिली, की म्हणायचे, "कल खेल लो, साब." हे सगळं त्यांच्याबरोबर गेलं. आम्ही प्रशिक्षकाला पैसे देत होतो, चेंडूंना देत होतो, पण बाबांच्या हाताखाली एक तरुण माणूस वर्षभर ठेवावा हे कोणाच्या मनात आलं नाही. तुमच्याकडे जुना माळी असेल तर त्याला मदतनीस द्या, आणि एक वही करा. पाणी कधी दिलं, किती दिलं, रोलर किती वेळ फिरला, सामना कसा झाला. दोन मोसमांत ती वही कोणत्याही पुस्तकापेक्षा तुमच्या मैदानाला जास्त उपयोगी पडेल.

पाण्याचं गणितही करून ठेवा. बाऊंड्री ६५ मीटरची धरली तर मैदानाचं क्षेत्रफळ होतं सुमारे १३,२७० चौरस मीटर. एक चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. म्हणजे अख्ख्या मैदानाला एकदा ५ मिलिमीटर पाणी द्यायचं तर ६६ हजार लिटर लागतं, दहा हजार लिटरचे साडेसहा टँकर. तेच मधल्या पाच खेळपट्ट्यांचा पट्टा, साधारण १६ मीटर बाय २४ मीटरचा, त्याला तेवढंच पाणी द्यायचं तर दोन हजार लिटरसुद्धा लागत नाही. म्हणून उन्हाळ्यात बाहेरचं मैदान पिवळं पडू द्या. दूब मरत नाही, पहिल्या पावसात उठते. पट्टा आणि नेटच्या जागा तेवढ्या जपा. टीव्हीवरच्या हिरव्यागार मैदानांशी तुलना करून टँकर मागवणारे क्लब मी पाहिले आहेत. तो पैसा अक्षरशः जमिनीत जातो.

आणि हे पाणी येतं कुठून ते मुलांनाही सांगा. इंदूरला नर्मदेचं पाणी १९७८ पासून येतं ते जलूदहून, सुमारे ७० किलोमीटर, विंध्य चढवून, पंपांनी. पिण्याचं पाणी मैदानावर ओतायचं नाही हा नियम तुमच्या नियमावलीत लिहून ठेवा. शाळेच्या गच्चीवर मात्र फुकटचं पाणी पडतं. गच्ची ४०० चौरस मीटरची असेल, पाऊस वर्षाला ९०० मिलिमीटर धरला आणि पाचवा हिस्सा वाया गेला म्हटलं, तरी जवळजवळ २ लाख ९० हजार लिटर. एवढं साठवता येणार नाही, पण गाळणी लावून ते बोअरमध्ये किंवा आवारात जुनी विहीर असेल तर तिच्यात सोडता येतं. शाळेला हे पटतं, कारण फायदा त्यांचाही आहे, आणि कराराच्या बोलणीत तुमची बाजू त्यानं भक्कम होते.

किरकोळ बाबी चटकन सांगतो. सामन्याला प्लास्टिकच्या बाटल्यांऐवजी कॅम्पर आणि स्टीलचे पेले ठेवा. कचरा वेगळा करायची सवय इंदूरच्या मुलांना घरूनच असते, फक्त डबे ठेवायला हवेत. पश्चिमेच्या बाजूनं चार कडुनिंब लावा. मे महिन्यात सराव सकाळी साडेआठला बंद.

आता ओढाताण. तुमचे आकडे मला ठाऊक नाहीत, म्हणून समजा असं धरू. ६० मुलांपैकी १० माफीची, उरलेल्या ५० जणांचे महिना ८०० रुपये, म्हणजे ४०,०००. बहुतेक क्लब हाच आकडा डोळ्यांपुढे ठेवून खर्च बांधतात, ४०,००० येतात तर ३९,००० खर्च. पण पावसाळ्याचे दोन महिने आणि परीक्षांचा एक, असे तीन महिने मुलं निम्मी होतात. तेव्हा ९ महिने ४० हजार आणि ३ महिने २० हजार, वर्षाचे झाले ४ लाख २० हजार, महिन्याला सरासरी ३५,०००. दर महिन्याला चार हजारांचा खड्डा इथेच पडतो आणि तो कोणीतरी आपल्या खिशातून भरत राहतं. कोण भरतं ते काकांना विचारा. मला वाटतं उत्तर मला माहीत आहे.

म्हणून अंदाजपत्रक महिन्याचं नको, वर्षाचं करा, आणि ते ऑक्टोबरमध्ये, मोसम सुरू होताना. त्यात झिजेचा पैसा वेगळा काढा. इंदूरच्या उन्हात नायलॉनची नेट माझ्या अनुभवात तीन वर्षं टिकते. ३६ हजारांची नेट असेल तर महिन्याला एक हजार आत्तापासून बाजूला, म्हणजे ती फाटेल तेव्हा वर्गणी काढत फिरावं लागणार नाही. मॅटिंग, कव्हर, रोलरची दुरुस्ती यांचंही तसंच. आणि तीन महिन्यांचा खर्च भागेल एवढी ठेव बँकेत हळूहळू जमवा. मंदीचे तीन महिने त्यावर काढायचे आणि हिवाळ्यात ती पुन्हा भरून ठेवायची.

फी वाढवावी का? वाढवा, पण माफी बंद करू नका. माफीच्या मुलांचा खर्च 'माफी निधी' या नावानं वेगळा दाखवा आणि तो माजी खेळाडूंकडून उभा करा. चाळीस वर्षांत तुमच्या क्लबातून किती मुलं गेली असतील? कोणी पुण्यात असेल, कोणी बंगळूरला, कोणी इथेच सियागंजात दुकानात बसत असेल. त्यातल्या ४० जणांनी महिना ३०० रुपये दिले तर वर्षाचे १ लाख ४४ हजार होतात. होळकरांसारखा एक आश्रयदाता तुम्हाला आता मिळणार नाही, आणि मिळाला तरी मी त्याच्यावर विसंबू देणार नाही. चाळीस जणांतल्या चौघांनी हात आखडला तरी क्लब चालू राहतो. त्यांना दर सहा महिन्यांनी एका पानाचा हिशेब आणि मुलांचे दोन फोटो पाठवा. पैसे मागायला फोन करायचा आणि एरवी गप्प बसायचं, असं केलंत तर दुसऱ्या वर्षी निम्मे गळतील.

प्रायोजक हा विषय यानंतरचा. दुकानदार बॅनरसाठी पाच-दहा हजार देतात, घ्या, पण ते स्पर्धेपुरते धरा, पगारात धरू नका. कंपन्यांच्या सीएसआरबद्दल, म्हणजे समाजकार्यासाठी काढलेल्या पैशाबद्दल, सगळे विचारतात. कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत राष्ट्रीय मान्यतेच्या आणि ऑलिम्पिक खेळांचं प्रशिक्षण येतं, आणि २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आहेच. पण तो पैसा घ्यायचा तर संस्थेला आयकर खात्याकडे धर्मादाय संस्था म्हणून आणि करसवलतीच्या देणग्यांसाठी नोंदणी (१२ए आणि ८०जी या नावांनी ओळखली जाणारी) आणि सीएसआर-१ हा अर्ज लागतो. म्हणजे पुन्हा कागदच. आपल्या ओळखीच्या एखाद्या सीएला, शक्यतो जुन्या खेळाडूलाच, कार्यकारिणीत घ्या. तेरा-चौदा वर्षांपूर्वी तुमच्याबरोबर यष्टिरक्षण करणारा कोणीतरी आज सीए असणारच.

माणसांबद्दल माझा एकच नियम आहे, प्रत्येक कामाला दोन माणसं. हिशेब दोघांना यायला हवा, शाळेशी दोघांनी बोलायला हवं, खेळपट्टी दोघांना समजायला हवी. पदाला मुदत घाला. लोढा समितीनं क्रिकेट संघटनांच्या पदाधिकाऱ्यांना ७० वर्षांची मर्यादा घातली आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्या शिफारशी स्वीकारल्या. लहान क्लबला वयाची अट हवीच असं नाही, पण सचिव आणि खजिनदार सलग सहा वर्षांवर नकोत. नव्या खजिनदारानं पहिलं वर्ष जुन्याच्या शेजारी बसून काढावं.

मुलांचंही असंच. रजत पाटीदारसारखा इंदूरचा मुलगा मोठा झाला की दर पालकाला वाटतं आपलाही होईल, आणि प्रवेशाला गर्दी होते. पण सतरा-अठरा वर्षांचा झाल्यावर विभागाच्या संघात न आलेला मुलगा गुपचूप यायचा बंद होतो. तो क्लबचा सगळ्यात मोठा तोटा. आठ वर्षं त्यानं तुमच्याकडे काढलेली असतात, मैदानाचा कानाकोपरा त्याला माहीत असतो. त्याला सोडू नका. स्कोअररचं काम द्या, पंचपरीक्षेला बसवा, बारा वर्षांखालच्या मुलांची एक तुकडी त्याच्याकडे सोपवा आणि त्याचं थोडं मानधन द्या. उद्याचा सचिव त्यांच्यातूनच येईल.

मुलींची तुकडी सुरू केली नसेल तर करा. २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीग आली, ऑक्टोबर २०२५ मध्ये महिला विश्वचषकाचे सामने आपल्या होळकर स्टेडियमवर झाले, आणि तो विश्वचषक जिंकणाऱ्या संघात छतरपूर जिल्ह्यातल्या घुवारा गावची क्रांती गौड होती. मुली विचारायला येतातच, आणि स्वच्छतागृह बघून परत जातात. म्हणून आधी कडी लागणारं स्वच्छतागृह, कपडे बदलायला खोली, आणि सरावाच्या वेळी मैदानावर एक तरी जबाबदार बाई. प्रशिक्षकानं कोणत्याही मुलाला किंवा मुलीला एकट्यानं खोलीत बोलवायचं नाही, हा नियम फलकावर लिहून लावा, सगळ्यांसाठी. चांगल्या प्रशिक्षकाला त्याचा राग येत नाही.

राहिलं काकांशी बोलणं, आणि हे सगळ्यात नाजूक आहे. "काका, आता तुम्ही आराम करा" असं म्हणू नका. ज्यानं चाळीस वर्षं पहाटे पाचला उठून कुलूप काढलं त्याला हे वाक्य ऐकवायचं नसतं. आराखड्याचा कागद घेऊन चौघांनी एकदम त्यांच्या घरी जाऊही नका. आमच्याकडे सरांच्या हयातीत एकदा असा प्रयत्न झाला होता. सर काही बोलले नाहीत, पण पुढचे दोन महिने आमच्याशी फक्त कामापुरतं बोलत होते, आणि विषय तिथेच राहिला. तो मी पुन्हा काढला नाही याची रुखरुख मला आजही आहे.

तुम्ही एकटे जा, येत्या रविवारी, सराव संपल्यावर. मुलं गेलेली असतात, काका स्टंप मोजून पोत्यात भरत असतात. तुम्ही पोतं धरा. मग त्यांची डायरी मागा आणि म्हणा, "काका, ही मला वाचायला शिकवा." एकेका नावावरून बोट फिरवत जा. खुणेचा अर्थ विचारा. जी मुलं फी देत नाहीत त्यांच्या घरचं काय आहे ते ऐका, आणि तिथल्या तिथे लिहून घ्या, पण ती माहिती बाहेर कोणाला सांगायची नाही. शाळेशी काय ठरलं आहे ते विचारा. माळ्याला पगार किती, उचल किती बाकी आहे, रोलर कोणाकडून आणला होता, कव्हर कोण शिवून देतं. एका बैठकीत होणार नाही, चार-पाच रविवार लागतील. पाचव्या रविवारी काका स्वतःच विचारतील की हे सगळं कशासाठी चाललंय, आणि तेव्हा कार्यकारिणी, खातं, करार यांचं बोला. बहुतेक वेळा असं दिसतं, की हा विचार त्यांच्या मनात आपल्या आधीपासून असतो. कोणी विचारत नाही म्हणून ते बोललेले नसतात.

पहिल्या रविवारी फक्त एक काम उरकून घ्या. खोलीची दुसरी चावी करून आणा, दहा मिनिटांचं काम आहे, आणि ती काकांच्या हातात द्या. कोणाकडे ठेवायची ते त्यांना ठरवू द्या.